फुई मुकी झाली तो हिवाळा

थंडी पडली की आमच्या गल्लीत अजूनही वांगी भाजली जातात. संध्याकाळी कामावरून परतताना कोपऱ्यावरच तो वास गाठतो. जळक्या सालीचा, थोडा गोडसर, थोडा कडवट. पाय आपोआप मंदावतात. आता ती वांगी चोख्यासाठी भाजतात. वरच्या खोल्यांमधली बिहारची मुलं पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवतात, त्यावर वांगी आणि टोमॅटो ठेवतात, बाजूला कणकेचे गोळे फुगत असतात. माझ्या लहानपणी हाच वास भरताचा होता. चंपाषष्ठी उलटली की गल्लीच्या तोंडाशी गावाकडून आणलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ व्हायचा, हिरवी-पांढरी लांबट वांगी त्यात टाकायची, आणि बायका कांद्याची पात चिरत बसायच्या. धूर डोळ्यांत जायचा. त्या धुरातून सगळ्यात मोठ्याने यायचा तो आमच्या फुईचा आवाज.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. हा वास आला की मला भरत आठवत नाही, एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात फुई मुकी झाली.

आमच्या वसाहतीचं नाव तापीनगर. गोदावरीच्या गावात राहून तापीचं नाव लावणारी माणसं कुठून आलेली असणार, ते उघड आहे. सातपूरच्या कारखान्यांना माणसं हवी होती, तेव्हा धुळे, साक्री, शिरपूर, अमळनेरकडची तरणी पोरं एसटीने आली आणि ह्या बैठ्या चाळींमध्ये राहिली. मग त्यांच्या बायका आल्या, पाठोपाठ म्हातारी माणसं आली. त्याआधी इथे एका माळ्याचं शेत होतं. कोबी, फ्लॉवर, बांधाला झेंडू. जमीन गेली आणि तोच माळी म्हातारपणी सायकलला टोपल्या लावून आमच्या गल्लीत भाजी विकायला यायचा. कधी आमच्या पायरीकडे बघत म्हणायचा, "इथं आमची हीर होती." आमच्या बायका त्याच्याच जमिनीवर उभ्या राहून त्याच्याशी हुज्जत घालायच्या, मेथीची जुडी हातात घेऊन नाकं मुरडायच्या. तो हसायचा. गल्लीतल्या क्रूरपणाची माझी पहिली आठवण ही. पण तेव्हा ते क्रूर आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, बहुधा त्यालाही नाही.

त्या काळी गल्ली अहिराणीत जागी व्हायची. नळावरची भांडणं, पोरांना मारलेल्या हाका, नवऱ्यांना ऐकवलेली खोचक बोलणी, सगळं अहिराणीत. फुई आली ती विधवा होऊन. पांझरेकाठच्या गावात तिला कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, आई लवकर गेली होती आणि फुईनेच त्यांना वाढवलं होतं, त्यामुळे ती आली ती हक्काने. एक पत्र्याची पेटी, एक गोधडी आणि तोंडात अखंड बोलणं. फुईला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. ती दुधाशी बोलायची, "थांब रे बापा, उतू नको जाऊ." वांग्यातली अळी दिसली की तिलाही चार शब्द सुनवायची. तिन्हीसांजेला ती ओट्यावर बसली की समोरच्या, शेजारच्या सगळ्या बायका सरकत सरकत आमच्या ओट्यावर यायच्या. नव्याने आलेली एखादी सून माहेरच्या आठवणीने कोपऱ्यात बसलेली असली, की फुई तिला हाक मारायची, "जेवनी का व माय?" तेवढ्यावर त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. ह्या परक्या शहरात कुणीतरी आपल्या बोलीत जेवलीस का विचारतंय, एवढंच.

आईला मात्र ते बोलणं हळूहळू नकोसं झालं. आईवर रागावताना मी नेहमी तिच्या बाजूची एक गोष्ट आठवते. माझी ताई, मंगला, शहरातल्या जरा नावाजलेल्या शाळेत होती. पालकांच्या सभेला ताईबरोबर आई एकटीच गेली. बाईंनी विचारलं, मुलीचे वडील का नाही आले? आई म्हणाली, "त्या कामवर जायेल शेत." अहिराणीत आदराने बोलायचं तर 'ते'चं 'त्या' होतं आणि 'आहेत' च्या जागी 'शेत' येतं. बाईंना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांना गंमत करावीशी वाटली. त्या म्हणाल्या, "शेत? कुठलं शेत? शेतावर गेलेत की कामावर?" वर्गभर बसलेले आईबाप हसले. बाईंनी पुन्हा एकदा, जरा ताणून, "शेऽऽत" असं म्हटलं. पुन्हा हसू. शेत तर आई मागेच सोडून आली होती.

ताई सांगते, परतीच्या वाटेवर आई भराभर पुढे चालत राहिली. घरी येऊन तिने रेडिओ लावला. त्यानंतर कित्येक दिवस ती बातम्या ऐकायची आणि भाकरी थापता थापता निवेदिकेच्या मागे वाक्यं म्हणायची. 'आहे' हा शब्द ती इतका जपून म्हणायची की जणू तो काचेचा आहे. घरात 'माय'ची 'आई' झाली. 'माले', 'तुले' बंद झालं. आम्ही मुलांनी अहिराणी शब्द वापरला की ती ऐकू न आल्यासारखं करायची. पाणी मागितलं तरी देत नसे, शुद्ध मागेपर्यंत. गल्लीतल्या इतर घरांतही तेच चाललं होतं. पुढचे दरवाजे रंगले, पितळी पाट्या लागल्या, आणि अहिराणी मागच्या मोरीत गेली. भांडी घासताना, पोरांना धपाटे घालताना, कुणी ऐकत नसताना तेवढी निघायची.

फुईला हे जमेना. ती प्रयत्न करायची. "आहे, आहे," असं दोनदा म्हणून तिसऱ्यांदा "शे" म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची. आई हसत नसे.

त्या हिवाळ्यात दिवाळी होताच ताईला पाहायला नाशिकचीच माणसं येणार होती. गंगापूर रोडला त्यांचा बंगला, मुलगा इंजिनियर, काका डॉक्टर. स्थळ आमच्याच समाजातलं, पण ती माणसं पिढ्यान् पिढ्या नाशिकची, बोलणं छापील. सकाळपासून घर धुतलं. आईने फुईला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. "पाहुणे जाईपर्यंत बाहेर येऊ नका," ती म्हणाली. फुईने मान डोलावली. ती मेथी निवडत बसली.

पोहे झाले, चहा झाला, ताईने शिक्षण सांगितलं. मग मुलाची आई हात धुवायला म्हणून सरळ आत आली. मी आतल्या दाराशी उभी होते, म्हणून मला सगळं दिसलं. फुई लगबगीने उठली, पदर सावरला, आणि तिच्या तोंडावर ते पाहुण्याला बघून येणारं हसू आलं. त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

फुईने तोंड उघडलं. आई मागोमाग आलीच होती. ती म्हणाली, "माझ्या नणंद. त्या बोलत नाहीत. मुक्या आहेत लहानपणापासून."

फुईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने ते मिटलं.

"अरेरे," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी फुईचा हात हातात घेतला. "ऐकू येतं का?"

"येतं. थोडंफार," आई म्हणाली.

त्या फुईच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "तुमची वहिनी खूप चांगली आहे हं." फुईने मान हलवली. बाहेर जाऊन त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या ते मी ऐकलं: "मुक्या विधवा नणंदेला सांभाळतात. हल्ली कोण करतं एवढं? माणसं चांगली आहेत."

लग्न त्यामुळेच ठरलं. असं मी म्हणत नाही, ताईची सासू म्हणते. अजूनही चारचौघांत सांगते की मुलगी तर आवडलीच होती, पण माझं मन वळलं ते आतल्या खोलीत.

पाहुणे गेल्यावर घर आवरायला घेतलं. अण्णा पायरीवर बसले होते. आई भांडी विसळत होती. फुई मधल्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरनं चांगलं व्हवू दे. मी काय, मुकी तं मुकी." आणि हसली. मला वाटलं, गोष्ट तिथेच संपली. पण होणारे व्याही ह्याच गावात राहणारे होते. कधी साड्या दाखवायला, कधी नुसते जाता जाता, ते न सांगता येऊ लागले. आईने मग फुईला सांगितलं की लग्न होईपर्यंत दार उघडं असेल तेव्हा बोलायचंच नाही. ओट्यावर बसायचं नाही. "सवय लावून घ्या," ती म्हणाली. अण्णांनी वर्तमानपत्र वर धरलं.

गल्लीने साथ दिली. तेच मला आजही नीट कळत नाही. ज्या बायकांना फुईने जेवलीस का विचारलं होतं, त्या सगळ्या एका दिवसात तयार झाल्या. "आपल्याला काय, आपण पण मुकी म्हणू," समोरच्या काकू म्हणाल्या. मंगलाच्या लग्नाचा प्रश्न होता, तापीनगरातली पहिली मुलगी गंगापूर रोडला जाणार होती, त्यात सगळ्यांना आपला मान वाटत होता. पण नुसता मान नव्हता त्यात. थोड्याच दिवसांत त्यांना गोडी लागली. फुई नळावर आली की कुणीतरी मुद्दाम तिला विचारायचं, "काय हो, आज भाजी काय?" आणि बाकीच्या तोंडाला पदर लावायच्या. फुई बोटांनी वांगं करून दाखवायची. एकदा शेजारणीने तिच्या दंडाला चिमटा काढला, आवाज निघतो का बघायला. पोरांना तर खेळच मिळाला. दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब त्यांनी तिच्या पाठीमागे लावला. ती पाणी भरून येत होती. बॉम्ब फुटला तशी कळशी हातातून पडली, ती भिंतीला टेकली, आणि दोन्ही हातांनी तिने तोंड दाबून धरलं. पोरं नाचली. "नाही बोलली, नाही बोलली." ओट्यांवर बसलेली मोठी माणसंसुद्धा हसली. आई दारात होती. तिला हायसं वाटल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

नव्या वस्तीतल्या माणसांबद्दल लोक फार हळवेपणाने लिहितात, की सगळी एकमेकांना धरून असतात. असतातही. पण धरलेला हात कुठे दुखतो, हेही त्यांना बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. शाळेतल्या बाईंना आईचं फक्त एक वाक्य सापडलं होतं. आमच्या गल्लीला फुई सबंध सापडली होती.

गच्चीवर तेवढी ती बोलायची. त्याच वर्षी अण्णांनी वर एक पत्र्याची खोली काढून भाड्याने दिली होती. त्यात बिहारमधल्या छपऱ्याकडचं एक जोडपं राहायला आलं होतं. नवरा नटबोल्टच्या कारखान्यात. बायको सुनैना, अंगाने बारीक, वीस-बावीसची असेल. गल्लीतली ती पहिलीच परप्रांतीय बाई, त्यामुळे तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. नळावर तिची बादली शेवटची. तिच्या डोक्यावरच्या पदराची, तिच्या मोहरीच्या तेलाच्या वासाची नक्कल व्हायची, आणि ती करणाऱ्या बायका कालपरवापर्यंत स्वतःच्या 'शे'ची नक्कल ऐकून रडलेल्या होत्या.

दुपारी गल्ली निजली की फुई निवडायचं सूप घेऊन वर जायची. नाशिकच्या थंडीतलं दुपारचं ऊन मऊ असतं, पाठीला लावून बसलं की उठवत नाही. मी शाळेतून आले की तिच्यामागे वर जायची. मी तेव्हा सातवीत होते. सुनैना भिंतीला टेकून मटार सोलत असायची. ती म्हणायची, "का हो चाची, आज धूप नीमन बा." फुई म्हणायची, "हां व माय, आठे ऊन चांगलं शे." एकीचं 'बा', दुसरीचं 'शे'. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत होतं, पण त्या निम्म्यावर त्यांनी केवढं बोलणं केलं. फुईने तिला पांझरेचा पूर सांगितला, नवऱ्याचं मरण सांगितलं, अण्णा लहानपणी माती खायचे ते सांगितलं. सुनैना तिला गंगेबद्दल सांगायची. फुईचा आवाज दिवसभर दाबून धरलेला असायचा, त्यामुळे वर आल्यावर पहिले काही शब्द घोगरे निघायचे. मग मोकळा व्हायचा. खालून आईची चाहूल लागली की मध्येच तुटायचा.

पौषात तिचं पोट दुखायला लागलं. लग्न माघातलं. घरात मसाले कुटले जात होते, पापड लाटले जात होते आणि ते सगळं फुईच्या हातून. तिने खाणं कमी केलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गच्चीवर ती सुनैनाला म्हणाली, "पोट दुखस व. सहन व्हस नही." सुनैनाने तिला ओवा दिला, शेकायला विटेचा तुकडा गरम करून दिला, आणि खाली सांगते म्हणाली. फुई म्हणाली, "कोणले सांगू नको. लगीन व्हई जाऊ दे." सुनैना तरीही सांगायला आली होती. आई पापड मोजत होती. ती म्हणाली, "बाद में आना."

मग एका सकाळी फुई मोरीत पोट धरून वाकलेली सापडली. दुर्दैव असं, की शालूचा रंग ठरवायला ताईची होणारी सासू नेमकी तेव्हाच घरात आलेली होती. दुर्दैव म्हणते, पण ती बाई धावली. तिनेच फुईला उठवलं, स्वतःच्या गाडीत घातलं. आई म्हणत होती, जवळच्या डॉक्टरांकडे नेऊ, होईल बरं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या भाऊजींचं हॉस्पिटल असताना दुसरीकडे कशाला?" त्यांच्या दयेतून सुटायला वाटच नव्हती.

डॉक्टर काका शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फुईचं पोट दाबून पाहिलं. "कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून," आई म्हणाली. तिला खरंच तेवढंच माहीत होतं.

"उलटी झाली?"

"नाही."

फुई अण्णांकडे बघत होती. अण्णांनी घसा खाकरला. "काल तर चालत-बोलत..." ते म्हणाले आणि थांबले. "चालत होती, साहेब. कामं करत होती."

डॉक्टर फुईकडे वळून सावकाश म्हणाले, "दुखतं तिथे बोट ठेवा." तिने बेंबीवर हात ठेवला, मग उजवीकडे नेला, मग सगळीकडे फिरवला. त्यांनी पुन्हा दाबलं. तिने डोळे मिटले. "आतडं वगैरे फुटलं असतं तर ह्या इतक्या शांत पडल्याच नसत्या," ते म्हणाले. "वायू धरला असावा. सलाइन लावू, लक्ष ठेवू, उद्या सकाळी तपासण्या करू."

मला तिच्याजवळ बसवून मोठी माणसं बाहेर गेली. तेव्हा मी पाहिलं की फुईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. कपाळावरून घाम ओघळत होता, थंडीत. मी म्हटलं, "फुई, ओरड ना. कुणी नाही इथं." तिने मान हलवली आणि डोळ्यांनी दाराकडे दाखवलं. दारात नर्स होती.

मुकी माणसं विव्हळतात. ओरडतात, रडतात, त्यांच्या गळ्यातून आवाज निघतो. फुईला हे माहीत नव्हतं. तिने आयुष्यात मुकं माणूस जवळून पाहिलं नव्हतं. तिची समजूत अशी की तोंडातून आवाज निघाला की पोरीचं लग्न मोडलं.

संध्याकाळी सुनैना आली. एकटी, पत्ता विचारत विचारत, रिक्षाने. डॉक्टर तेव्हा खोलीतच होते, व्याहीमंडळीही होती. ती थेट डॉक्टरांना म्हणाली, "साहब, चाची को कई दिन से दर्द है. उल्टी भी होती थी, छत पर करती थीं. मुझसे बोलती थीं."

डॉक्टरांनी मान वर केली. "बोलती थीं?"

व्याहीमंडळीही सुनैनाकडे वळली. मी आईकडे बघत होते. आईने फुईचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "खुणेने. हिला मराठी कळत नाही, आमच्या वन्संना हिंदी. दोघींचं खुणांवर चालतं. हिला काहीतरी वाटत असेल." मग सुनैनाकडे वळून हिंदीत, अगदी गोड आवाजात, "तू घर जा. अंधेरा हो जाएगा."

सुनैना फुईकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता चाची बोलेल. फुईने तिच्याकडे बघून हळूच हात हलवला, जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा आत सगळीकडे पू झाला होता. ती दुपारी गेली. डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी आपल्या वहिनीला सांगितलं, "बाई नुसत्या विव्हळल्या असत्या तरी मला कळलं असतं."

आमच्याकडे मयताला बायका बोलून रडतात. गेलेल्या माणसाला हाका मारून, त्याचं आयुष्य सांगून, हेल काढून. फुई स्वतः त्यात पटाईत होती. गल्लीतल्या कुठल्याही मयताला तिचं रडणं ऐकून पुरुषही डोळे पुसायचे. तिला अंगणात ठेवलं तेव्हा ताईच्या सासरची सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत भिंतीशी उभी होती. समोरच्या काकूंनी सुरुवात केली. पहिला शब्द अहिराणी निघाला, मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं, आणि त्या अडखळल्या. मग त्या आणि बाकीच्या सगळ्या शुद्ध मराठीत रडल्या. "कुठे गेलात हो, आम्हाला सोडून कशा गेलात हो." फुईला कधी कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. जिन्यावर बसून सुनैना तेवढी भोजपुरीत मोठ्याने रडत होती, आणि ताईच्या सासरच्या एका बाईने विचारलं, "ही कोण? हिला का एवढं?" महिना संपायच्या आत आईने खोली रिकामी करून घेतली.

ताईला मी सगळं सांगितलं होतं, पदराच्या बोळ्यासकट. ती मेंदी लावून बसली होती. "आता गप्प बस," ती म्हणाली. "आता काय उपयोग आहे." लग्न माघातलं ते फाल्गुनात झालं. थंडी सरत आली होती. ताई सुखात आहे. खरोखर सुखात आहे, आणि फुईला एवढंच हवं होतं, असं अण्णा मरेपर्यंत म्हणत. निवृत्त झाल्यावर ते गच्चीवर जाऊन बसायचे, दुपारी, उन्हात.

त्यानंतर गल्ली भराभर बदलली. ज्यांना जमलं ते इंदिरानगरला, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन गेले. बैठ्या घरांवर मजले चढले, प्रत्येक मजल्यावर खोल्या, प्रत्येक खोलीत चार-चार मुलं. सकाळी आता गल्ली भोजपुरीत जागी होते. कमानीवरचं तापीनगर नाव पुसून नव्या लोकांना कळेल असं दुसरं नाव आलं. मी आणि आई तिथेच राहिलो. मी एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, लग्न केलं नाही. मागच्या आठवड्यात समोरच्या खोलीतल्या बाईने आपल्या मुलाला हाक मारली, आणि शाळेच्या दप्तरासकट उभा असलेला तो मुलगा मित्रांच्या देखत तिला म्हणाला, "मराठीत बोल ना गं." ती बाई ओशाळून हसली. मी जिन्यात थांबले होते. आईही खिडकीतून ऐकत होती. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं."

आता अहिराणीला बरे दिवस आले आहेत. लग्नात अहिराणी गाणं वाजल्याशिवाय वरात हलत नाही, पुण्या-मुंबईची मुलंही नाचतात. यंदा ह्याच थंडीत ताईच्या मुलाचं, ओंकारचं लग्न झालं. लॉनवर हळद होती. डीजेने अहिराणी गाणं लावलं आणि सगळे पिवळे होऊन नाचले, दाजी नाचले, ताईची म्हातारी सासू खुर्चीत टाळ्या वाजवत होती. नाच थांबल्यावर ओंकार फोन घेऊन आईसमोर गुडघ्यांवर बसला.

"आजी, तू मूळची खानदेशची ना? अहिराणीत काहीतरी बोल ना. रील करतो."

"मला नाही आठवत रे," आई म्हणाली.

"बोला हो, आई," दाजी म्हणाले. "किती गोड भाषा आहे. आमच्या घरात कुणाला येतच नाही. तुमच्याकडे कुणीतरी बोलत असेलच की."

ताई मेंदीच्या ताटाकडे बघत होती. सासूबाई कौतुकाने वाकून ऐकत होत्या. आई आता सत्तरी ओलांडलेली आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांचे फोन वर झाले होते. तिचे ओठ हलले, आणि इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून न ऐकलेला तो सूर निघाला, बारीक, घोगरा.

"माले येस नही," ती म्हणाली.

सगळे खळखळून हसले. येत नाही म्हणाली, तेही अहिराणीत, ह्याची गंमत झाली. ओंकारने तिचा मुका घेतला.

रील त्याने लगेच टाकलं. मी घरी येऊन पाहिलं. वर बदामाची चिन्हं होती, खाली पुष्कळ लोकांनी आजी गोड आहे म्हणून लिहिलं होतं. आईचे ओठ हलताना दिसतात, पण आवाज तिचा नाही. त्यावर त्याने गाणं लावलं आहे.